यात्रेतील ज्वर : भेद कसा जाणावा, डॉक्टरांस काय सांगावे

वऱ्हाडात येणाऱ्या भाविकांची गर्दी वर्षभर सारखी नसते. श्रावणात कावडधारी मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचे जल खांद्यावर घेऊन अकोल्याच्या श्रीराजराजेश्वरास जलाभिषेक करण्यासाठी पायी येतात. आश्विनात नवरात्रानिमित्त अमरावतीस श्रीअंबादेवी व श्रीएकवीरादेवी यांच्या दर्शनास रीघ लागते, आणि अनेक कुटुंबे त्याच प्रवासात परतवाड्यामार्गे चिखलदऱ्यासही जाऊन येतात. हेच महिने डासांचे, साचलेल्या पाण्याचे व कमरेएवढ्या गवताचेही असतात. म्हणून यात्रेहून परतल्यावर कोणास ताप आल्यास ‘प्रवासाचा शीण’ समजून तो अंगावर काढू नये, अशी सर्व भाविकांस नम्र विनंती आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सारे ताप एकमेकांसारखेच दिसतात. थंडी वाजते, डोके दुखते, अंग मोडून येते. केवळ रुग्णाकडे पाहून रोगाचे नाव सांगणे निष्णात डॉक्टरांसही कठीण जाते. निदान रक्ततपासणीने होते. परंतु कोणती तपासणी करावयाची हे प्रवासाच्या हकीकतीवरून ठरते, आणि ती हकीकत फक्त यात्रेकरूजवळच असते. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांस आपण मेळघाटात मुक्काम केला होता हे सांगितल्यावाचून कसे कळावे?

त्या हकीकतीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दिवसांची गणना. डेंग्यू साधारणतः डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांत प्रकट होतो. हिवतापास (मलेरिया) किमान आठवडा लागतो, बहुधा त्याहून अधिक. विषमज्वर म्हणजे टायफॉईड दूषित अन्नपाणी पोटात गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी येतो. मेळघाटात शनिवारी पोहोचलेल्या माणसास मंगळवारी ताप भरला, तर तो तेथील डासाने दिलेला हिवताप नव्हे. कारण अन्यत्र शोधावे. उलटपक्षी, घरी परतून तीन आठवडे झाल्यावर ताप आला तर यात्रेतील डेंग्यू जवळजवळ बाद होतो, हिवताप मात्र होत नाही. हिवतापाचा व्हायवॅक्स हा प्रकार तर यकृतात दडून राहून कित्येक महिन्यांनीही उलटतो. याच कारणास्तव त्यावरील गोळ्यांचा चौदा दिवसांचा क्रम बरे वाटले तरी मध्येच सोडू नये. फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत जाऊन प्राण घेऊ शकतो. धारणी-चिखलदरा भागात रात्री मुक्काम झाला असल्यास रक्तनमुना त्याच दिवशी द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते.

हिवतापाचा डास सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूचा दिवसा, दर्शनाच्या रांगेतसुद्धा. नळ रोज येत नाही अशा वस्त्यांत भरून ठेवलेल्या रांजणांत व टाक्यांत तो वाढतो. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणका लागतो, अंगावर पुरळ येऊ शकते. येथे एक घातक गैरसमज सांगणे अवश्य आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. ताप उतरल्यावर पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, कमालीची अस्वस्थता वा ग्लानी यांपैकी एक जरी दिसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. तापावर पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते. अॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र रक्तस्राव वाढवतात. औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी मागून घेण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते.

तोच डास चिकुनगुनियाही पसरवतो. १९७३ साली बार्शीस व पुढे २००६ साली राज्यात अनेक ठिकाणी त्याची साथ आली. सांधे असे धरतात की माणसास चार पावले चालवत नाही, आणि हे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. परंतु डेंग्यू नाही असे तपासणीने ठरेपर्यंत वरील गोळ्या यातही टाळाव्यात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तोवर पुष्कळांनी हे नावही ऐकले नव्हते. झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म कीटकाची अळी (तिला चिगर म्हणतात) चावते. वेदना होत नाही, म्हणून आठवतही नाही. सहा ते एकवीस दिवसांनी जोराचा ताप येतो. चाव्याच्या जागी बरेचदा काळी खपली दिसते, जणू विडीचा चटका बसला असावा अशी. ती दुखत वा खाजत नाही आणि काख, जांघ, कंबर, स्तनाखालील भाग, कानामागे अशा झाकल्या जागी असते. संकोचामुळे ती दाखवली जात नाही, तेथेच निदान हुकते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी याबाबत पुढाकार घ्यावा. खपली नसली म्हणून रोग नाही असेही समजू नये. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध डॉक्टरांनी वेळीच सुरू केल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर आघात होतो.

पायास जखम असता साचलेल्या पाण्यातून वा चिखलातून अनवाणी चाललेल्यांनी लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा. पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात, कधी कावीळ होते. विषमज्वरात ताप दिवसागणिक चढत जातो; एकट्या विडाल तपासणीवर विसंबू नये, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करून घेणे उत्तम.

या पुस्तिकेच्या अखेरच्या कोऱ्या पानावर तारीखवार लिहून ठेवावे : मुक्काम कोठे झाला, रात्री मच्छरदाणी होती काय, गवतात बसणे वा पहुडणे झाले काय, पाणी कोठले प्यालो, ताप प्रथम कोणत्या दिवशी आला. हेच पान डॉक्टरांपुढे ठेवावे.

देणगीदार सज्जनांपैकी कोणास वस्तुरूपाने सेवा करावयाची असल्यास भक्तनिवासासाठी मच्छरदाण्या आणि पाण्याच्या टाक्यांना घट्ट बसणारी झाकणे द्यावीत. यात्रेतच ताप आल्यास अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन), अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांपैकी जवळचे गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक विनामूल्य आहे.