चालती भिंत

आळंदीची भिंत चालली, ही कथा ज्या मुलाने वाईच्या घाटावर आजीच्या तोंडून ऐकली, त्याच्या नशिबी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सातासमुद्रांपलीकडे, रीतसर नोंदणीची पाटी लावलेली स्वतःच्या मालकीची चालती भिंत लिहिलेली आहे, असे एखाद्या जोशीबुवांनी सांगितले असते तर आमच्या घरच्यांनी त्यांना दक्षिणेवाचून वाटेला लावले असते. तथापि ओहायो राज्यातील नोकरीतून निवृत्त होताच मी 26 फूट लांबीचा एक जुना ट्रेलर खरेदी केला. ज्या फिरत्या घरांना इकडे सरसकट ‘आरव्ही’ म्हणतात, त्यांपैकी पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढावयाचा हा प्रकार. त्यात निजावयास खोली, शेगडी, न्हाणीघर आणि चार भिंती असा सगळा सरंजाम होता. ज्ञानदेवादी भावंडे त्या भिंतीवर नुसती बसली होती, तिच्यावर त्यांनी काही टांगले नव्हते, हा भेद मात्र मला फार उशिरा उमगला.

ट्रेलरमध्ये मुळात 24 इंची टीव्ही होता. तो थेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालत असे, वजनाने जेमतेम तीन किलो होता, आणि निजण्याची खोली व बसण्याची जागा यांमधील अडीच फूट रुंदीच्या आडभिंतीवर कारखान्यातूनच बसविलेला होता. त्या संचाविषयी आमची तक्रार एवढीच होती की, क्रिकेटच्या सामन्यात धावफलक वाचण्यासाठी सौभाग्यवतींना दर षटकाला उठून पुढे जावे लागे. चिरंजीवांच्या कानी ही कैफियत गेली आणि दिवाळीला 43 इंची संच दारात येऊन उभा राहिला. त्याची रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास, म्हणजे तो आडभिंतीवर मावणे अशक्य. तेव्हा मी, कारखानदाराने टीव्हीसाठी तीच जागा का निवडली असेल याचा यत्किंचितही विचार न करता, खिडकी आणि स्वयंपाकाचे कपाट यांमधील बाहेरच्या लांब भिंतीवर मोहरा वळविला, आणि दोन्हीकडून चित्र दिसावे म्हणून बाजारातून पुढे-मागे होणारा व वळणारा हात असलेला ब्रॅकेट आणला. त्याच्या खोक्यावर 25 किलो वजन पेलण्याची ग्वाही छापलेली होती. संच ब्रॅकेटसह नऊ किलो. मी निश्चिंत झालो.

चार स्क्रू मारले. पहिले तीन बरे बसले. चौथा पिळता पिळता हाताला एकदम हलका लागला.

“अहो, गोल फिरतोय की हो तो,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“फिरू दे. फिरता फिरताच आवळतो,” मी म्हणालो.

स्क्रू हाताला हलका लागतो तेव्हा आट्यांनी धरण्याजोगे पलीकडे काहीच नाही असा तो भिंतीचा लेखी जबाब असतो, आणि मी तो न वाचताच दफ्तरी दाखल केला. ब्रॅकेटचा हात प्रवासात मिटलेला राहावा म्हणून कुलूप किंवा खीळ अशी काही सोय त्यात नव्हती. त्याऐवजी मी आकड्यांची एक लवचीक दोरी गुंडाळली आणि बंदोबस्त पुरा झाला असे समजलो.

ओहायोपासून न्यू मेक्सिकोपर्यंतच्या गुळगुळीत महामार्गांवर काही घडले नाही, आणि त्यामुळेच माझा अहंकार बळावला. आम्हांला चाको येथे जावयाचे होते. हजार वर्षांपूर्वीच्या प्वेब्लो लोकांची दगडी नगरी तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलेली आहे. उत्तरेकडून तेथे जाताना डांबरी रस्ता संपल्यावर सुमारे 13 मैल कच्चा मार्ग लागतो, आणि त्याचा शेवटचा भाग पन्हळी पत्र्यासारखा वर-खाली, वर-खाली असा बारीक लाटांचा आहे. एखादा मोठा खड्डा वाहनाला एकच तडाखा देतो. पन्हळीचा रस्ता मैलामैलाला हजारो लहान तडाखे देतो, आणि जे पहिल्या तडाख्याने ढळत नाही ते या सततच्या थरथरीने आपसूक सैल होत जाते. पुढे ट्रकमध्ये आम्ही दोघे डाळिंबाचे दाणे खात बसलो होतो. मागे काय चालले आहे याचा आवाज ट्रकच्या खोलीत येत नाही.

मुक्कामी पोहोचून दार उघडले. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि पंचनामा कसा लिहावा याचे बाळकडू आम्हांला घरीच मिळालेले असल्याने मी जे पाहिले ते त्याच शिस्तीने नोंदवितो. संच जमिनीवर पालथा, अर्धा बाकाला टेकलेला. पडद्यावर डाव्या कोपऱ्यातून निघालेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली भेग. बाकासमोरच्या टेबलाची कड हातभर उडालेली. लवचीक दोरी शाबूत. ब्रॅकेट संचाला चिकटून, चारही स्क्रू ब्रॅकेटमध्ये जागच्या जागी, आणि भिंतीला वितभर भगदाड. मी एक स्क्रू उपसून तळहातावर घेतला. त्याच्या आट्यांत मुंडीजवळ तांबूस लाकडाचा कागदासारखा पातळ चुरा अडकला होता. त्याखाली टोकापर्यंत पांढऱ्या थर्माकोलचे मोहरीएवढे कण, आणि काही नाही. अख्ख्या स्क्रूपैकी लाकडाला जो काही स्पर्श झाला होता तो तीन मिलिमीटरांचा.

चाको हे रात्रीच्या निखळ काळोखासाठी नावाजलेले स्थान आहे. 2013 साली त्याला तशी आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. तेव्हा टीव्ही फुटल्याच्या निमित्ताने आम्ही उभयता आकाशगंगा पाहत बसलो, असे लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असेल. वस्तुस्थिती अशी की सौभाग्यवती न जेवता निजल्या आणि मी विजेरी घेऊन रात्री उशिरापर्यंत गालिच्यातील काचा वेचीत होतो.

शेजारच्या जागेवर उतरलेल्या एका वृद्ध सुताराने सकाळी ते भगदाड पाहिले, त्यात बोट घातले आणि म्हणाला, “तुम्ही भिंतीला स्क्रू मारलाच नाहीत, भिंतीच्या कागदाला मारलात.” मग त्याने मला बाहेर नेले. पहाट थंडीची होती, ट्रेलरच्या पांढऱ्या अंगावर दव साचले होते, आणि त्या दवात आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या, जणू कोणी आतल्या सांगाड्याचा नकाशाच काढून ठेवला होता. धातू उष्णता लवकर वाहून नेतो आणि थर्माकोल तिला अडवितो, म्हणून सांगाड्यावरचे दव आणि पोकळ भागावरचे दव निरनिराळे दिसते. माझ्या चार स्क्रूंची जागा दोन रेघांच्या बरोबर मध्ये होती.

आरव्हीची भिंत ही घराची भिंत नव्हे, हे येथे नीट सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ही वाहने मोठ्या संख्येने इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात तयार होतात, आणि तेथील कारखानदाराचे पहिले वैर वजनाशी असते, कारण प्रत्येक जादा किलो ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर जातो. म्हणून दीड-दोन इंच जाडीच्या भिंतीत बाहेर फायबरचा पातळ पत्रा, आत लुआन नावाच्या हलक्या लाकडाची तीन मिलिमीटरांची प्लायवूड, मध्ये थर्माकोल, आणि दूरदूर अंतरावर ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, असा ऐवज असतो. जुन्या गाड्यांत नळ्यांऐवजी लाकडी पट्ट्या सापडतात. इकडच्या घराच्या भिंतीत जसे ठरीव अंतरावर लाकडी खांब असतात तसा नेम येथे नाही. फक्त जेथे कपाट, शेगडी वा टीव्ही यावयाचा असतो तेथे कारखानदार आतून जाड फळी घालून ठेवतो. त्या आडभिंतीत ती फळी होती. मी तिला सोडून थर्माकोलचा आश्रय घेतला.

खोक्यावरचे 25 किलो खोटे नव्हते, पण ते पक्क्या खांबाच्या आणि जागेवर उभ्या राहणाऱ्या घराच्या हिशेबाचे होते. हिशेब सोपा आहे. हात 50 सेंटिमीटर पुढे आला आणि वरचे व खालचे स्क्रू यांमध्ये 20 सेंटिमीटर अंतर असले, तर नऊ किलोंचा संच वरच्या दोन स्क्रूंना सुमारे साडेबावीस किलो बलाने भिंतीतून बाहेर ओढतो, आणि हे वाहन थांबलेले असताना. रस्त्याच्या एका धक्क्याने ते क्षणभर दुप्पट झाले तर 45. ते सोसावयास तीन मिलिमीटर लुआन! आणि लवचीक दोरीचा स्वभावच ताणले जाण्याचा. ती संचाला अडवीत नाही, उलट मागे खेचून पुन्हा फेकते.

परत आल्यावर मी 32 इंची संच घेतला. त्याची रुंदी साधारण 73 सेंटिमीटर, आणि आडभिंतीवर तो बोटभर जागा राखून बसतो. खरे तर ट्रेलरमध्ये पाहणारा आणि पडदा यांमध्ये सहा-सात फुटांहून अधिक अंतर नसतेच, आणि तेवढ्याला 32 इंच पुष्कळ झाले. मोठ्या संचाचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांनी निदान खरेदीपूर्वी त्या मापाचा पुठ्ठा कापून जागेवर चिकटवावा आणि दोन दिवस वावरून पाहावे: मुक्कामी बाहेर काढावयाची सरकती खोली आत घेतल्यावर तिची कड पुठ्ठ्याला लागते काय, कपाटाचे दार पुरते उघडते काय, आणि संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी झाकली तर जात नाही ना. ही शेवटची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. तसे करू नये.

विजेकडे माझे आधी लक्षच गेले नव्हते. 43 इंची संच घरगुती 120 व्होल्टचा; विजेची जोडणी नसलेल्या मुक्कामी तो चालवावयाचा म्हणजे बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून फिरविणे आले. संच 80 वॅट घेत असेल तर मधली तूट धरून बॅटरीतून सुमारे साडेसात अँपियर जातात, आणि चार तासांच्या सामन्यात 30 अँपियर-तास संपतात. 100 अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये असा संकेत आहे, म्हणजे पाण्याचा पंप आणि दिवे यांच्या वाट्याला काय उरले ते आपणच पाहावे. नवा संच मी 12 व्होल्टचाच घेतला.

भोक पाडण्यापूर्वी बाहेरची वीज आणि बॅटरी, दोन्ही तोडावीत, कारण या भिंतींतून तारा मन मानेल तशा नेलेल्या असतात. लाकडी सांगाड्यातील लोखंडी स्क्रू लोहचुंबकाने हुडकता येतात. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, तेथे दव पाहणे किंवा बोटाने ठोकून ऐकणे हा उपाय. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर पाते भिंत पार करून बाहेरचा पत्रा फोडते आणि पुढच्या पावसात भिंत आतून कुजावयास लागते. बाहेरच्या भिंतीवरच टांगणे भाग असेल तर निदान तीन नळ्यांवर पोहोचेल अशी अर्धा इंच जाडीची प्लायवूडची फळी आधी डिंकाने व स्क्रूंनी जडवावी, नळीत रिव्हेट नट बसवावेत, आणि मग त्या फळीवर ब्रॅकेट. पोकळ भागात पंख उघडणारे टॉगल बोल्ट घालून भागते असे दुकानदार सांगतात. भागते, लुआनला तडा जाईपर्यंत.

माझी आडभिंत सुदैवाने दोन्ही बाजूंनी हाती येते. पलीकडे कपड्यांचे कपाट आहे. म्हणून मी स्क्रू सोडून आरपार बोल्ट घातले, पलीकडून दुसरी फळी लावली, रुंद वायसर घातले आणि थरथरीने सुटू नयेत म्हणून नायलॉनच्या कड्याचे नट आवळले. संचाच्या पाठीमागील चार स्क्रू त्याच्याच पुस्तिकेतल्या लांबीचे घेतले. लांब स्क्रू आतल्या पडद्याला भोसकतो. या वेळचा ब्रॅकेट खीळ पाडून मिटून राहणारा आहे, आणि त्यावर न ताणणारा कापडी पट्टा. कच्चा रस्ता लागणार असे नकाशात दिसले की संच काढून, रजईत गुंडाळून, पलंगावर उशांच्या आधाराने उभा ठेवावयाचा. आडवा निजवावयाचा नाही.

पहिल्या पाचशे मैलांनंतर पाना लावून पाहिला तेव्हा चारपैकी एक नट पाव फेरा फिरला. त्यानंतर फिरलेला नाही, तरी प्रत्येक मुक्काम सोडताना सौभाग्यवती दारात उभ्या राहून “पंचनामा झाला का?” असे विचारतात आणि मी खीळ हलवून दाखविल्याशिवाय ट्रकमध्ये बसत नाहीत.

बाहेरच्या भिंतीचे भगदाड पुट्टीने बुजविले, पण रंग काही जुळला नाही. त्यावर आता कालनिर्णय टांगले आहे. चिकटपट्टीने.