साक्ष शेजारी झोपणाऱ्याची

माणूस घोरतोय म्हणजे त्याला गाढ झोप लागलीय, असं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानत आले. सासरे घोरायचे, चुलत सासरे घोरायचे. हे घोरू लागले तेव्हा सासूबाई कौतुकानंच म्हणाल्या, "वडिलांवर गेलाय हो!" इंदूरच्या विजय नगरमध्ये राहणाऱ्याला आवाजाचं फारसं काही वाटत नाही, एबी रोडची वाहतूक कानाशीच असते. मला भीती वाटायची ती घोरणं थांबलं की.

आवाज चढत चढत जाई आणि एकदम बंद. पोट वरखाली होतंय, पण नाकाशी हात धरला तर वारा नाही. दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त. मग गुदमरल्यासारखा हिसका बसे आणि पुन्हा तेच सुरू. सकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मस्त झोप झाली." यात खोटं काही नव्हतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे ढळून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, पण ती जाग इतकी ओझरती असते की सकाळी आठवतही नाही. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. फेब्रुवारी 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मृत्यूचं कारण म्हणून हे नाव बातम्यांत ऐकलं आणि माझे कान टवकारले.

इतर खुणाही होत्याच, आम्ही त्या सुट्या सुट्या पाहत होतो. सकाळी डोकं जड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, म्हणून साखर तपासली, ती ठीक निघाली. रक्तदाबाच्या दोन गोळ्या सुरू, तरी दाब वरच. सानंद संस्थेच्या नाटकाला पहिल्या अंकातच मान कलंडायची. मला वाटायचं, नाटक आवडलं नसेल. नोकरी देवासला, रोज गाडीनं जाणं-येणं. एकदा परतताना मांगलियाजवळ यांचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. गाडीचा पत्राच गेला, यांना खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून स्टिअरिंग माझ्या हाती, आणि डॉक्टर बदलायचं ठरलं.

मधल्या काळात एका नातेवाइकानं प्रेमापोटी झोपेच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. "थकवा आहे, शांत झोपू दे." ॲप्नियाच्या माणसाला अशी गोळी किंवा रात्रीचा पेग देणं धोक्याचं असतं. स्नायू आणखी सैल पडतात आणि जाग यायला उशीर होतो. यांनी ती गोळी घेतली त्या रात्री दोन श्वासांमधलं अंतर मी मोजत बसले होते. पट्टी सकाळी कचऱ्यात गेली.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. डोक्याला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि रात्रभर झोपायचं. श्वास तासाला किती वेळा अडतो ते त्यात मोजतात. मोठ्या माणसात 5 च्या आत असेल तर ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 च्या पुढे तीव्र. यांचा आकडा 41 आला. अहवाल वाचून झाला तरी सासूबाईंचा विश्वास बसेना, "अगं, पण तो झोपलेला होता ना?"

उपचार म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क, आणि यंत्र हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. 1981 मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात ही पद्धत पहिल्यांदा मांडली. यंत्र महाग आहे, म्हणून आम्ही आधी भाड्यानं घेतलं. तोच सल्ला मी इतरांनाही देते. पहिले काही आठवडे वैतागाचे गेले. मास्कमधून हवा गळायची, तोंड कोरडं पडायचं. मापाचा मास्क आणि यंत्राला जोडायचं पाण्याचं भांडं मिळाल्यावर जमलं. बरेच लोक इथंच यंत्र कपाटात टाकतात. वजन उतरवणं आणि कुशीवर झोपणं यांचाही उपयोग होतो, पण तीव्र आजारात तेवढ्यावर विसंबू नये. बारीक माणसालाही हा आजार होतो. जबडा लहान असला तरी पुरतं.

यांचं घोरणं थांबलं आणि माझी झोप गेली! कान सतत टवकारलेले ठेवायची सवय लागली होती. हा निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नसून सवयींवरचं मानसोपचाराचं तंत्र आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेनंही तेच पहिलं सांगितलं. मला सांगितलेलं साधं होतं, पाळायला मात्र जड. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. झोप येत नसेल तर पलंगावर लोळायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. घड्याळ नजरेआड. आणि दुपारनंतर चहा बंद. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. इंदुरात हे सांगणं म्हणजे वेडेपणाच, रात्री नऊच्या चहाशिवाय इथं पाहुणा हलत नाही. त्यात सराफ्याच्या रात्रबाजारात बाराला गराडू खायचे आणि एकला आडवं व्हायचं! शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक मलाही आहे, पण रोज पोट भरल्या भरल्या झोपणाऱ्याला छातीत जळजळ होणारच.

2022 मध्ये इथल्या बीआरटीएस बसमार्गाच्या पट्ट्यात दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती, 2024 मध्ये ती मागे घेतली. तरी आमच्या भागात रात्रपाळीची मुलं कमी नाहीत. त्यांनी सकाळी घरी येताना गॉगल लावावा, खोलीत जाड पडदे लावून अंधार करावा आणि घरच्यांनी दुपारी कुकर जपून लावावा. आणखी एक, कुणालाही पाय सारखे हलवावेसे वाटून झोप येत नसेल तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं.

शेजारी झोपणाऱ्यांना एवढंच सांगेन, फोनवर दोन-चार मिनिटांचं चित्रण करा, त्यात आवाजाबरोबर मधली शांतताही येऊ द्या. आणि दवाखान्यात स्वतः बरोबर जा. पेशंटला विचारलं तर तो "झोप छान लागते" असंच सांगणार.