खाडाखोड मंजूर नाही

पाटबंधारे खात्यात 36 वर्षं मी एम.बी. लिहिली, म्हणजे माप पुस्तक. त्यात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी तारखेसह सही. निवृत्तीनंतर घराण्याची वही लिहायला घेतली तेव्हा वाटलं, सहा महिन्यांचं काम. पंधरा वर्षं होऊन गेली, काम अजून 'प्रगतिपथावर' आहे.

1. पहिली नोंद माझी स्वतःची, आणि तीच चुकीची निघाली. माझा जन्म 1 जून 1949 चा, म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवला तसा. वर्गातली निम्मी पोरं 1 जूनचीच होती. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, म्हणून 31 मे 2007 ला मी शाल-नारळ घेऊन आलो. पुढे गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात खरी नोंद सापडली: ऑगस्ट 1950. आई मला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा म्हणायची, तेही जुळलं. पंधरा महिन्यांचा पगार मास्तरांच्या चरणी! त्या नोंदीत वडिलांचं नाव आहे, पुढे नुसतं 'मुलगा'. ज्याच्या दारावर पुढे कार्यकारी अभियंत्याची पाटी लागली, तो सरकारदरबारी आला तो बिननावाचाच.

2. पत्ता बदलायला माणसाला हलावं लागत नाही. आजोबांच्या कागदांवर 'जिल्हा सातारा', माझ्या नोंदीत 'दक्षिण सातारा', मुलाच्या दाखल्यावर 'सांगली'. आपलं घराणं कुठून कुठे गेलं याचा नकाशा काढायला मी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलोही होतो. घर मात्र तासगाव तालुक्यात, येरळेच्या काठी, होतं तिथंच. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. हा नकाशा एखाद्या कनिष्ठाने आणला असता तर मी त्याला झापलं असतं.

3. आत्याला तारखा येत नाहीत, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तिला पाटणकडे दिलेली. जन्मसाल विचारलं तर म्हणाली, "पत्रीसरकारची पोरं रातची आमच्या माळ्यावर निजायची, तवा मी परकरात हुते." धाकटा कधीचा? "भूकंपाच्या पहाटं त्याला पाळण्यातनं उचलून अंगणात पळाले, तवा तो दोन महिन्यांचा." कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे पोरगा ऑक्टोबरचा. मधली मुलगी उजवली ती मिलो ज्वारी खायच्या साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात. मी वैतागून लिहीत होतो आणि मध्येच थांबलो. आम्ही तरी दुसरं काय करतो? हलणार नाही असा एक बेंचमार्क धरायचा आणि त्यावरून बाकीच्या पातळ्या काढायच्या. आत्याचे बेंचमार्क माझ्या शाळेच्या दाखल्यापेक्षा पक्के निघाले.

4. पाण्याचा हिशेब मला कळतो, हा माझा भ्रम पाण्यानेच धुऊन नेला. सांगलीच्या घरात 2005 च्या पुराची रेघ भिंतीवर जपून ठेवली होती. कागदांची ट्रंक मी त्या रेघेच्या दीड फूट वर, खास फळी ठोकून ठेवली, आणि सुरक्षित उंची कशी ठरवतात यावर बायकोला व्याख्यानही दिलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. ट्रंक बुडाली. उरलं ते बायकोच्या हातचं. दळणाच्या हिशेबाच्या वहीत तिने आत्याचं सगळं बोलणं उतरवून ठेवलं होतं आणि निघताना ती वही पिशवीत टाकली होती. "मला मापं कळत नाहीत, म्हणून सोबत घेतली," एवढंच म्हणाली.

5. खोडरबर माझ्याही खिशात होता. आमच्या भागात हेळवी येतात, पिढ्या सांगणारे. पूर्वी बैलावरून यायचे, आता टेम्पोतून. माझा संगणकावरचा वंशवृक्ष तीन पिढ्यांत संपला होता. त्यांनी ओसरीवर बसून, चहा निवायच्या आत, सात वाचल्या. त्यात एक नाव घरात कधी कुणी उच्चारलेलं नव्हतं. आजोबांचा धाकटा भाऊ. चुलतभाऊ कुजबुजला, "ते नको लिहूस. मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडंच दुसरं घर केलं." कबूल करतो, पहिल्या पक्क्या प्रतीत मी ते गाळलं. नोकरीत जे कधी केलं नाही ते घरच्या वहीत केलं. महिनाभर ते पान उघडवेना. शेवटी नाव वर लिहिलं, त्यांचं दुसरं घरही लिहिलं आणि शेजारी तारखेसह सही केली. चुलतभाऊ सहा महिने बोलला नाही. आता त्याच घरच्यांचा पत्ता शोधतोय.

6. आपल्या घराला चार पानं लागतात, हे कळायला मला वही लिहावी लागली. उंबरा, चूल, कोनाड्यातला दिवा, मागचा शेवगा. लिहिता लिहिता चांदोली आठवली. वारणा धरणाच्या कामावर होतो, तेव्हा बुडीत क्षेत्रातली घरं मोजत हिंडलो. आज त्या पाण्याला वसंतसागर म्हणतात, 34.40 टीएमसी. माझ्या पुस्तकात एका घराला एक ओळ: दगडमातीच्या भिंती, कौलारू, लांबी, रुंदी, उंची. एका म्हातारीने टेपचं टोक धरून मला अंगणात नेलं. "हे बी मोजा की साहेब." तुळशीवृंदावन होतं. त्याला रकाना नव्हता. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि मी टेप गुंडाळला.

म्हातारीचं नाव मी विचारलं नव्हतं. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर, नात्यातलं नसूनही, एक ओळ घातली आहे: 'तुळशीवृंदावन, नग 1. मोजायचं राहिलं.' खाली तारीख आणि माझी सही.