बेस गिटारचं छोटं कॅबिनेट घेताय? आधी हा हिशेब बघा

पहिला प्रश्न: ते तुम्हाला खरंच हवंय का? सराव जॅमरूममध्ये होत असेल तर तिथे कॅबिनेट असतंच. मुंबई-पुण्यात तासाला साधारण 300 ते 800 रुपयांत ड्रम्ससकट सगळं मिळतं. घरी हेडफोन पुरतो. मोठ्या कार्यक्रमात तुमचा बेस डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जातो आणि मागचं कॅबिनेट फक्त तुम्हाला नि ड्रमरला ऐकू यावं म्हणून असतं. कॅफे, पब, छोटा हॉल अशा ठिकाणी नेहमी वाजवत असाल आणि तिथे बेससाठी कोणी काही ठेवत नसेल, तरच पैसे काढा.

छोटं म्हणजे एक 12 इंची किंवा दोन 10 इंची स्पीकरचं. नावाजलेल्या परदेशी ब्रँडचं नवं कॅबिनेट 40 ते 80 हजारांच्या पट्ट्यात मिळतं, हलकं हवं असेल तर त्याच्याही वर. 18 टक्के जीएसटी त्यात धरलाय का, हे विचारा आणि करासकट एकच आकडा लिहून घ्या. भाव ठरल्यावर ‘प्लस जीएसटी’ ऐकू येणं हा जुना खेळ आहे. साध्या कॅबिनेटमध्ये ॲम्प नसतो. तो, म्हणजे हेड, वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यात कॅबिनेटइतकेच पैसे सहज जातात. वायर हजार-दोन हजार, जाड कापडी कव्हर तेवढंच किंवा थोडं जास्त.

ऑनलाइन मागवताना वाहतुकीचा आकडा आधी बघा. बऱ्याच कुरिअर कंपन्या काट्यावरच्या आणि आकारमानाच्या वजनात जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 50 बाय 45 बाय 40 चं खोकं 12 किलोचं असलं तरी बिल 18 किलोचं होतं. परत पाठवायची वेळ आली तर हा खर्च कोणाचा, तेही आधीच विचारून ठेवा.

निओडिमियम चुंबकाचं कॅबिनेट 10 ते 15 किलोंत बसतं. फेराइटचं स्वस्त, पण 20 किलोंच्या पुढे सहज जातं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर वरचे पैसे द्या, नाहीतर दर कार्यक्रमाला हमाली द्याल. आणखी एक: बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर असतं. उरलेल्या जागेत काय मावतं ते टेपने मोजा, मग मॉडेल ठरवा.

आता ओहम. इथली चूक सगळ्यात महागात पडते. हेडच्या मागे किमान ओहम छापलेले असतात, बहुतेक ठिकाणी 4. कॅबिनेट 4 चं असतं किंवा 8 चं. 8 ची दोन एकत्र जोडली की 4 होतात. 4 ची दोन जोडली की 2, आणि तिथे बहुतेक हेड बंद पडतं किंवा जळतं. म्हणून पुढे दुसरं कॅबिनेट घ्यायचा विचार असेल तर पहिलं 8 चंच घ्या. ‘4 चं घ्या साहेब, जास्त पॉवर मिळते’ असं दुकानदार म्हणेल. म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. 4 ओहमला 500 वॉट देणारं हेड 8 ला साधारण 300 देतं. कानाला तो फरक जेमतेम 2 डेसिबलचा. वॉटेजचा आकडा बघताना आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी पॉवर, बघा. पीकचा आकडा जाहिरातीसाठी असतो.

हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची वायर लावू नका. जॅक दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून घोळ होतो. गिटारच्या वायरमध्ये आतली तार बारीक आणि भोवती जाळी असते. त्यातून ॲम्पचा करंट गेला की ती तापते, शॉर्ट झाली तर हेड जातं. स्पीकरची वायर म्हणजे दोन जाड सुट्या तारा, 1.5 किंवा 2.5 चौरस मिलिमीटरच्या. दोन्हीकडे स्पीकॉन कनेक्टरची सोय असेल तर तीच वापरा. आत घालून फिरवली की खटका बसतो, कोणाचा पाय अडकला तरी निघत नाही. वायर बनवून घ्यायची असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ती मीटरने मिळते. कनेक्टर मात्र बघून घ्या, नकली ढिले असतात. जोडणी 1+ आणि 1- वर. हेड व्हॉल्व्हचं असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय ते चालूच करायचं नाही.

वाजवताना ॲम्पवरची बेसची खुंटी पूर्ण उघडू नका. छोट्या कॅबिनेटचा स्पीकर बहुधा तापून नाही, पुढे-मागे फार हलून फाटतो. चार तारांच्या बेसचा खालचा ई 41 हर्ट्झचा, पाच तारांचा बी 31 चा. 300 वॉटचं कॅबिनेट त्या बीवर 100 वॉटलाही धापा टाकू शकतं. फडफड ऐकू आली की बेस कमी करा, मिड थोडा वाढवा. गर्दीत ऐकू येतो तो मिडच. आवाज कमी वाटला तर ॲम्पच्या आधी जागा बदला. कॅबिनेट भिंतीजवळ सरकवा, बेस फुगतो. पोकळ लाकडी स्टेजवर नुसतीच घुमघुम होत असेल तर भक्कम स्टुलावर उचला, कानाच्या जवळ येईल. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नको. थरथरून खाली पडतं. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे आणि खालचे सूर स्लॅबमधून शेजारी जातात. तक्रार आली तर ‘आवाज कमीच होता’ हे चालत नाही.

पावसाळ्यात कॅबिनेट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, थेट फरशीवरही ठेवू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं की आत दमट होऊन बुरशी धरते. कापडी कव्हर आणि सिलिका जेल पुरे. पोर्ट म्हणजे पुढची गोल किंवा आयताकृती मोकळी जागा. महिनाभर ठेवून द्यायचं असेल तर तिला जाळी लावा, झुरळं आणि उंदीर तिथूनच आत शिरतात. वाजवताना जाळी काढा.

खडखड येते? एकेक सूर खालून वर सावकाश वाजवा आणि दुसऱ्या कोणाला तरी जाळी, मूठ, जॅकची पट्टी हाताने दाबायला सांगा. बहुतेक वेळा सैल स्क्रू निघतो, खर्च शून्य. स्पीकरचे स्क्रू आवळताना ड्रिल मशीन नको. चुंबक टोक ओढून घेतं, हात सटकतो आणि कागदी कोनला भोक पडतं. हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, दुसरा हात कोनवर आडवा धरून, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

स्पीकर गेलाच तर नवा घ्यायच्या आधी रीकोनचा भाव काढा. कॉइल आणि कोन बदलून मिळतात. मजुरीसकट भाव नव्या स्पीकरच्या निम्म्याच्या आत असेल तर करा. मात्र ‘डिट्टो बसेल’ म्हणून दिलेली कॉइल किती ओहमची आहे ते मल्टिमीटरवर दाखवायला सांगा. 8 च्या स्पीकरला मीटर 5.5 ते 6.5 च्या आसपास दाखवतो, 4 च्याला 3 ते 3.5. जुना कोन परत मागा.

सेकंडहँड घेतानाही हाच मीटर खिशात ठेवा. कोनवर दोन्ही हातांची बोटं सारखी टेकवून हलकेच दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, व्यवहार सोडा. पोर्टला नाक लावा, जळका वास लपत नाही. ट्वीटर चालतोय का ऐका. जाळी काढता येत असेल तर काढायला लावा. आत कधीकधी मूळ स्पीकरऐवजी गाडीचा वूफर बसवलेला निघतो, तोही 4 ओहमचा. मूळ बिल नसेल तर अनुक्रमांक घालून विक्रीची चिठ्ठी घ्या.

अमेरिकेहून कोणी आणून देत असेल तर साधं कॅबिनेट बिनधास्त आणा, त्याला विजेची जोडणीच नसते. हेड किंवा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) असेल तर मागे 230 व्होल्ट लिहिलंय का ते फोटोवर बघून घ्या. वजनही विचारा.

बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक हवा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख. जळलेली कॉइल वॉरंटीत येते का, ते पैसे देण्याआधी विचारा. बहुतेकदा येत नाही. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली किंमत 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची, वकील सक्तीचा नाही. बिल, वॉरंटी कार्ड, दुकानाशी झालेले मेसेज आणि बिघाडाचा व्हिडिओ, एवढं जोडा.