फेरतपासणी : ज्येष्ठ रुग्णाची एक सकाळ

रुग्ण बरा होऊन घरी गेला की खाते बंद झाले, असे आम्हां हिशेबी माणसांना वाटते. वस्तुतः मधुमेह व रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांचे खाते तेथूनच सुरू होते.

शिरवणे गावातील सत्तरी ओलांडलेल्या एक आजी गतवर्षी तपासणीस आल्या. उपाशीपोटी रक्त द्यावयाचे म्हणजे किमान ८ तास पोटात अन्न नाही. आधी केसपेपरची रांग, मग पैसे भरण्याची, मग रक्त घेण्याची. त्यानंतर न्याहारी व दोन तासांनी दुसरा नमुना. अहवाल हाती आला तेव्हा बाह्यरुग्ण विभाग बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले. मुलाची दोन दिवसांची रोजी बुडाली. पुढील तारखेस आजी आल्याच नाहीत. दोष आमच्या व्यवस्थेचा होता.

उपाय मोठ्या खर्चाचा नाही. रक्त आदल्या दिवशी द्यावे, म्हणजे डॉक्टरांच्या भेटीपूर्वी अहवाल फाइलमध्ये असतो. उपाशी रुग्णाचे रक्त प्रथम घ्यावे, पैसे मागाहून. सकाळची मधुमेहाची गोळी घ्यावी की थांबवावी, हे डॉक्टरांनी आधीच लिहून द्यावे. मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणाऱ्या एचबीएवनसी चाचणीस उपवास लागत नाही. मात्र कोणती चाचणी पुरेशी, हा निर्णय डॉक्टरांचाच. डोळे व हृदय यांची तपासणीही शक्यतो त्याच दिवशी व्हावी.

दिनांक २५ मार्च २०२० रोजीच्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रत्यक्ष तपासणीनंतर ६ महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांशी दूरध्वनीवरून झालेला सल्ला फेरतपासणी मानला जातो. पायाची जखम मात्र फोनवर दिसत नाही. मोबाइलवर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय २०२२ पासून देशातील अनेक रुग्णालयांत आली. तरुण नातेवाइकांना ती सुलभ. परंतु एकट्या आलेल्या आजोबांसाठी खिडकीमागे माणूस हवाच. देणगीदार यंत्रासाठी उदार असतात. यंत्रावर नावाची पाटी लागते. खिडकीवरील कारकुनाच्या पगारावर ती लावता येत नाही, तरीही याचा विचार व्हावा, ही विनंती.

नातेवाइकांसही एक विनंती. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही. येताना घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक औषधांसह, एका पिशवीत घालून आणाव्यात.