कोंपिरा-सान : ७८५ पायऱ्या

साधकहो, जपानच्या शिकोकू बेटावर कोतोहिरा गावी डोंगरावर एक देवस्थान आहे. लोक त्याला आपुलकीने ‘कोंपिरा-सान’ म्हणतात. हा शब्द आपल्या संस्कृत ‘कुंभीर’, म्हणजे मगर, यावरून बौद्ध धर्मासोबत तिकडे पोहोचला. डोंगराच्या नावाचा अर्थही ‘हत्तीचे मस्तक’! १८६८ मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या केल्या, तेव्हा देवस्थानाचे रूप बदलले. लोकांच्या तोंडचे नाव मात्र तेच राहिले.

मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत, वरच्या आतल्या मंदिरापर्यंत १३६८. पायथ्याच्या दुकानांत बांबूची काठी मिळते, ती संकोच न करता घ्यावी. चढणीत एके ठिकाणी एकच पायरी खाली उतरते. असे सांगतात की, ७८६ हे आकडे जपानीत ‘नायामु’, म्हणजे चिंता करणे, असे वाचता येतात. म्हणून एक पायरी वजा केली. चढताना ही पायरी सहज निसटते. आपले लक्ष तेव्हा शिखराकडे असते की पावलाकडे, हे तिथे पाहावे.

आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी? निघण्यापूर्वी त्यांचा नमस्कार मागून घ्या. एदो काळात ज्यांना जाणे जमत नसे, ते आपला कुत्रा पाठवीत. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत मालकाचे नाव आणि वाटखर्चाचे पैसे असत. अनोळखी यात्रेकरू त्याला खाऊ घालीत आणि पुढच्या सोबतीकडे सोपवीत.