कल्हई टिकते कशाने? पातळ थर आणि झटपट आच

बिर्याणीची देग असो की घरातले तांब्याचे पातेले, कल्हई करून नेलेले गिऱ्हाईक थोड्याच दिवसांत परत येते आणि म्हणते, "उस्ताद, कल्हई उडाली." कारागीर कथलाला दोष देतो, गिऱ्हाईक कारागिराला. पुष्कळदा खरा दोष आचेचा असतो. तो कसा, हे आज समजून घेऊ.

कल्हई म्हणजे तांब्यावर रंगासारखा चढवलेला लेप, असे अनेकांना वाटते. तसे नाही. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला वितळायला १,०८५ अंश लागतात. म्हणून भट्टीवर भांडे जसेच्या तसे राहते आणि कथील पाण्यासारखे पसरते. पण पसरता पसरता ते तांब्याशी संयोग पावते. दोहोंच्या मध्ये तिसराच पदार्थ तयार होतो. अणूंच्या हिशेबाने त्यात सहा भाग तांबे आणि पाच भाग कथील असते. हा मधला थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाच असला तरी पुरतो. कल्हई धरून ठेवणारा तोच.

हा संयोग होण्यासाठी तांबे स्वच्छ हवे. तापलेल्या तांब्यावर लगेच काळपट थर चढतो आणि कथील त्याला धरत नाही. नवसागर टाकला की तो उष्णतेने फुटतो, त्यातून निघणारे आम्ल हा थर खाऊन टाकते आणि कथलाला वाट मोकळी होते. तो पांढरा धूर घशाला व डोळ्यांना बाधतो. म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

आता मुद्द्याची गोष्ट. मधला थर हवा, पण तो जाड होता कामा नये. तो राखाडी आणि ठिसूळ असतो. आच जितकी जास्त आणि वेळ जितका लांबेल, तितका तो वाढतो आणि वरचे चकचकीत कथील संपवतो. पुढे उरलेले कथील थेंबांसारखे गोळा होते, मधे राखाडी डाग उघडे पडतात. अशा डागांवर पुन्हा कथील फिरवले तरी ते नीट बसत नाही; भांडे घासून तांबे उघडे करावे लागते. म्हणजे कोळसा, कथील आणि मजुरी तिन्ही दुप्पट.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. कथलाची कांडी भांड्याला टेकवताच आपोआप वितळू लागली की आच पुरेशी झाली. त्यापुढे भाता जोरात मारू नये.

२. अंधारात भांडे लालसर दिसू लागले म्हणजे उष्णता ५०० अंशांच्या पुढे गेली. कथलावर पिवळसर झाक आली तरी आच वाढली असे समजावे. भांडे लगेच बाजूला घ्यावे.

३. मोठ्या देगेत थोडा थोडा भाग तापवून कापसाने झटपट फिरवावे आणि काम होताच पाण्याने निववावे. निवले की मधल्या थराची जलद वाढ थांबते.

४. शिसे मिसळलेले स्वस्त कथील घेऊ नये. ते कमी आचेवर वितळते म्हणून सोपे वाटते, पण आंबट पदार्थांतून शिसे पोटात जाते आणि मुलांना त्याचा विशेष अपाय होतो. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकर आवाज येतो. शिसे कागदावर काळी रेघ ओढते. या झाल्या ढोबळ खुणा; खात्रीसाठी माल ओळखीच्या दुकानातून पावती घेऊनच घ्यावा.

गिऱ्हाइकालाही एक गोष्ट सांगावी: रिकामे भांडे चुलीवर ठेवू नये. आत पाणी असेल तर कल्हई १०० अंशांच्या आसपास राहते. रिकामे भांडे पाहता पाहता २३२ अंश ओलांडते.

पातळ थर आणि झटपट आच यांचा हा नियम भट्टीपुरता नाही. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निकेल व ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर काम झाले. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ अशा पत्र्यात या दोन धातूंचे हजारो थर एकाआड एक असतात. लहान बॅटरीची ठिणगी लागताच दोन्ही धातू एकमेकांत मिसळतात, सेकंदाला कित्येक मीटर वेगाने संयोग पुढे धावतो आणि उष्णता सुमारे १,५०० अंशांपर्यंत जाते. थर पातळ म्हणून अणूंना जायचे अंतर कमी; म्हणूनच एवढा वेग. डाग देण्याच्या दोन तुकड्यांमध्ये हा पत्रा ठेवला की फक्त सांधा वितळतो, बाकीचा नाजूक माल तापत नाही.

प्रयोगशाळेत जे यंत्राने मोजतात, ते आपला जुना कारागीर कथलाच्या चमकेवरून ओळखतो. त्या नजरेमागचे कारण शागिर्दालाही समजावून सांगावे. मग हुनर हातात राहते आणि गिऱ्हाईकही तुटत नाही.